जावा फ्लाइट रेकॉर्डरमध्ये आपले स्वतःचे इव्हेंट कसे घालावेत

जावा फ्लाइट रेकॉर्डर, म्हणजे जेएफआर, हे चालू जावा प्रोग्राममधल्या घडामोडी टिपणारे साधन. न सांगता ते बरेच काही टिपते: गार्बेज कलेक्शन, लॉकवर ताटकळलेले थ्रेड, सॉकेटमधून झालेले वाचन, फाइलवर झालेले लेखन. हे साधन मूळचे जेरॉकिट या जेव्हीएममधले (जेव्हीएम म्हणजे जावा प्रोग्राम चालवणारे इंजिन). पुढे ओरॅकलच्या जेडीकेत, म्हणजे जावाच्या डेव्हलपमेंट किटमध्ये, ते पैसे मोजून वापरायची सोय म्हणून राहिले, 2018 मध्ये जेडीके 11 सोबत ओपनजेडीकेत खुले झाले आणि 2020 मध्ये 8यू262 पासून जेडीके 8 वाल्यांनाही मिळाले. त्यामुळे ‘आमची आवृत्ती जुनी आहे’ ही सबब बहुतेक ठिकाणी आता चालत नाही.

अडचण दुसरीच असते. रेकॉर्डिंग उघडले की अमुक थ्रेड सॉकेटवर 900 मिलीसेकंद थांबला हे दिसते, पण तो तेव्हा कोणाचे काम करत होता हे दिसत नाही. जेव्हीएमला बाइट कळतात, तुमचा धंदा कळत नाही. तो कळवण्यासाठी स्वतःचे इव्हेंट, म्हणजे रेकॉर्डिंगमधल्या नोंदींचे आपले प्रकार, लिहायचे.

उदाहरणाला सहकारी दूध संघाचा सर्व्हर घेऊ. संकलन केंद्रावरून लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतात. सर्व्हर दरपत्रकात दर शोधतो, नोंद डेटाबेसमध्ये टाकतो आणि पावती परत पाठवतो. सकाळी केंद्रावर किटल्यांची रांग लागलेली असताना पावती आठ सेकंद अडली, की फोन सुरू होतात.

कोडमधली जावाची नावे, आज्ञा आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग आणि लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी ठेवा.

आधी प्रश्न, मग क्लास

प्रत्येक मेथडला एक इव्हेंट, असा मोह पहिल्या दिवशी सगळ्यांना होतो. तसे केले तर रेकॉर्डिंग म्हणजे पसरट लॉग होऊन बसतो. इव्हेंट कामाच्या एका पूर्ण घासाला द्यावा: एक दूध नोंद, एक पंधरवडा बिल, एक दरपत्रक बदल. मग अडचणीच्या वेळी कोणता प्रश्न विचाराल तो कागदावर लिहा. ‘कोणत्या केंद्राच्या नोंदी अडल्या आणि त्यांतला किती वेळ डेटाबेसमध्ये गेला?’ या एका वाक्यातून फील्ड आपोआप निघतात: केंद्र क्रमांक, सत्र, साठवणीला लागलेला वेळ, काम यशस्वी झाले की नाही. फॅट आणि एसएनएफ कशाला? दरपत्रकात न बसणारा आकडा आला की शोध वेगळ्या, संथ वाटेने जात असेल, तर ती वाट ओळखता यावी म्हणून. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफची नेहमीची नोंद पटकन निघते आणि 2.9 ची अडते, हे तेव्हाच दिसेल.

सभासदाचे नाव, बँक खाते, मोबाइल क्रमांक इव्हेंटमध्ये घालू नका. रेकॉर्डिंगची फाइल मेलवरून, चॅटवरून कुठेही फिरते. फारच गरज असेल तर आतला सभासद क्रमांक पुरतो.

क्लास लिहिणे

जेडीके.जेएफआर.इव्हेंट या क्लासला एक्स्टेंड करणारा साधा क्लास लिहायचा. वेगळी लायब्ररी लागत नाही. प्रकल्पात मॉड्यूल वापरत असाल तर मॉड्यूलच्या फाइलमध्ये जेडीके.जेएफआर रिक्वायर करा. जेलिंकने कापून-छाटून रनटाइम बनवत असाल तर त्यातही ते मॉड्यूल घाला. ते राहिले की डेव्हलपरच्या मशीनवर सगळे नीट चालते आणि सर्व्हरवर इव्हेंट क्लास सापडला नाही म्हणून एरर येतो.

क्लासवर या अ‍ॅनोटेशन लावा:

‘नेम’: कंपनीच्या पॅकेजसारखे, टिंबांनी जोडलेले नाव. ते दिले नाही तर क्लासचे पूर्ण नाव धरले जाते आणि पुढे कोणी क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवला की सेटिंगच्या फाइली व स्क्रिप्ट गुपचूप निकामी होतात. म्हणून नाव पहिल्याच दिवशी द्या आणि परत त्याला हात लावू नका.

‘लेबल’: माणसांनी वाचायचे नाव. हे खुशाल मराठीत ठेवा, मिशन कंट्रोल या रेकॉर्डिंग पाहायच्या प्रोग्रामच्या यादीत ‘दूध नोंद’ असे छान दिसते. एकच पथ्य: जेडीके 18 पासून यूटीएफ-8 हे मुळातले एन्कोडिंग झाले. त्याआधीच्या जेडीकेने विंडोजवर कंपाइल करताना कंपायलरला एन्कोडिंग यूटीएफ-8 असे स्पष्ट सांगा, नाहीतर लेबलच्या जागी चित्रविचित्र चिन्हे उमटतात. ‘नेम’ मात्र इंग्रजी लिपीतच बरे. टर्मिनलवर देवनागरी टाइप करत बसायची वेळ यायला नको.

‘कॅटेगरी’: एकापेक्षा जास्त शब्द दिले तर झाडाच्या फांद्यांसारखी उतरंड तयार होते. पहिला ‘दूध संघ’, दुसरा ‘संकलन’.

‘स्टॅकट्रेस’: इव्हेंट मेथडच्या कोणत्या साखळीतून (स्टॅकमधून) आला ते टिपायचे का. मुळात चालू असते. नोंद कोडमध्ये एकाच ठिकाणाहून होत असेल तर स्टॅक दर वेळी तोच येणार, तेव्हा फॉल्स करून टाका. स्टॅक चालणे हाच इव्हेंटचा सर्वांत महाग भाग असतो.

‘थ्रेशोल्ड’: इतक्या वेळेपेक्षा कमी चाललेले इव्हेंट लिहू नका, ही सूचना. मुळात शून्य. यावर पुढे सविस्तर, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात.

आता फील्ड. प्रिमिटिव्ह प्रकार, स्ट्रिंग, थ्रेड आणि क्लास एवढेच चालतात. बाकीचे प्रकार जेएफआर काही न बोलता गाळतो. कंपायलर कुरकुर करत नाही, चालताना एक्सेप्शन येत नाही, फील्ड रेकॉर्डिंगमध्ये नसते इतकेच. बिगडेसिमल, लोकलडेट, ईनम, लिस्ट, अ‍ॅरे यांपैकी काहीही टिकत नाही. दुधाच्या हिशोबात फॅट आणि दर हमखास बिगडेसिमलमध्ये असतात. फॅट डबलमध्ये घ्या, रक्कम लाँगमध्ये पैशांत घ्या, सत्राचा ईनम असेल तर त्याचे नाव स्ट्रिंग म्हणून टाका. स्टॅटिक आणि ट्रान्झिएंट फील्डही गाळली जातात. स्टार्टटाइम, ड्युरेशन, इव्हेंटथ्रेड आणि स्टॅकट्रेस ही नावे जेएफआरची स्वतःची आहेत, ती आपल्या फील्डला देऊ नका.

आकडा कशाचा आहे हेही सांगता येते. ‘टाइमस्पॅन’ लावले की लाँगमधला आकडा नॅनोसेकंद समजून नीट दाखवला जातो (मिलीसेकंद असतील तर तसे सांगा), ‘डेटाअमाउंट’ लावले की बाइट. ‘पर्सेंटेज’ लावताना 0 ते 1 मधला अपूर्णांक द्यायचा असतो. 85 दिले तर 8,500 टक्के दिसतील.

कोडमध्ये बसवणे

मांडणी अशी:

दूधनोंद इ = न्यू दूधनोंद();
इ.बिगिन();
बूलियन झाले = फॉल्स;
ट्राय {
  दर = दरपत्रक.शोध(फॅट, एसएनएफ);
  साठवण.लिही(केंद्र, लिटर, दर);
  झाले = ट्रू;
} फायनली {
  इ.एंड();
  इफ (इ.शुडकमिट()) {
    इ.केंद्र = केंद्र;
    इ.फॅट = फॅट.डबलव्हॅल्यू();
    इ.यशस्वी = झाले;
    इ.कमिट();
  }
}

यातली प्रत्येक ओळ आहे तिथेच का, ते पाहा.

कमिट फायनलीमध्ये आहे, कारण ज्या नोंदीला टाइमआउट होऊन एक्सेप्शन आले तीच नेमकी आपल्याला हवी असते. कमिट ट्रायच्या शेवटी ठेवले तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त सुखरूप पार पडलेल्या नोंदी दिसतील आणि सर्व्हर ठणठणीत वाटेल.

एंड शुडकमिटच्या (‘हा इव्हेंट लिहायचा का?’ या प्रश्नाच्या) आधी आहे. क्रम उलटला तर शुडकमिट विचारताना कालावधी शून्यच असतो आणि थ्रेशोल्ड शून्याहून जास्त असेल तर उत्तर कायम ‘नको’ येते. एंड न बोलवता नुसते कमिट केले तरी चालते, कालावधी तेव्हा मोजून घेतला जातो. पण मग फील्ड भरायला लागलेला वेळही त्यात मिसळतो.

फील्ड भरणे शुडकमिटच्या आत आहे. स्ट्रिंग जोडणे, फॉर्मॅट करणे, मॅपमधून काही शोधणे हे बाहेर ठेवले तर रेकॉर्डिंग बंद असतानाही तो खर्च दर नोंदीला पडत राहतो.

इ हा व्हेरिएबल मेथडच्या बाहेर जात नाही. इव्हेंट बंद असताना जेआयटी कंपायलर (प्रोग्राम चालताना कोड कंपाइल करणारा) ही ऑब्जेक्टची निर्मितीच काढून टाकू शकतो, पण ऑब्जेक्ट कुठे मॅपमध्ये ठेवला किंवा इतर कोणाच्या हाती दिला की ती सवलत गेली. दर वेळी नवा ऑब्जेक्ट बनवा. ‘वाचवायचे’ म्हणून एकच ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा वापरणे ही खोटी काटकसर आहे.

काम एका थ्रेडवर सुरू होऊन दुसऱ्यावर संपत असेल तर? कम्प्लीटेबलफ्यूचरवाल्या कोडमध्ये हे सर्रास होते. इव्हेंट लिहिला जातो, पण त्यावर नाव लागते कमिट करणाऱ्या थ्रेडचे. मिशन कंट्रोलमध्ये मग त्या थ्रेडवर आठ सेकंदांची पट्टी दिसते, जिच्या बहुतेक काळात तो थ्रेड भलतेच काम करत होता. अशा वेळी दोन इव्हेंट करा: एक ‘नोंद स्वीकारली’, दुसरा ‘नोंद साठवली’. दोन्हींत विनंतीचा तोच क्रमांक ठेवा.

आणि ज्याला कालावधीच नाही, उदाहरणार्थ ‘दरपत्रक बदलले’? तिथे बिगिन नको, नुसते फील्ड भरून कमिट. त्यावर थ्रेशोल्ड मात्र ठेवू नका. कालावधी शून्य, थ्रेशोल्ड 10 मिलीसेकंद, म्हणजे तो इव्हेंट जन्मात दिसणार नाही.

थ्रेशोल्ड किती ठेवावा

जेडीके 17 च्या डीफॉल्ट सेटिंगमध्ये सॉकेट वाचनाचा थ्रेशोल्ड 20 मिलीसेकंद आहे, प्रोफाइल सेटिंगमध्ये 10. आपल्या इव्हेंटलाही तसाच आकडा द्यावा असे वाटते आणि संथ नोंदी पकडायच्या असतील तर ते बरोबरच आहे. फक्त त्या फाइलवरून सरासरी काढू नका. 20 मिलीसेकंदांच्या आतल्या नोंदी गाळलेल्या असताना उरलेल्यांची सरासरी काढणे म्हणजे दवाखान्याच्या रांगेत उभे राहून गावाची तब्येत ठरवणे. सरासरी हवी असेल तर थ्रेशोल्ड शून्य करून दहा मिनिटांचे वेगळे रेकॉर्डिंग घ्या.

शून्यावर ठेवले तर फाइल केवढी होईल याचा अंदाज आधी बांधता येतो. ‘जेएफआर समरी’ ही आज्ञा प्रत्येक इव्हेंट प्रकाराची संख्या आणि एकूण बाइट दाखवते, त्यांचा भागाकार करा. समजा एका इव्हेंटला 50 बाइट पडले आणि सेकंदाला 300 नोंदी आल्या, तर तासाला 5 कोटी 40 लाख बाइट, म्हणजे साधारण 54 एमबी. सकाळच्या दोन तासांसाठी हे चालण्यासारखे आहे. दिवसभर अखंड ठेवायचे असेल तर मॅक्ससाइज बांधून द्या. जेडीके 25 पासून आपल्या इव्हेंटला ‘थ्रॉटल’ हे अ‍ॅनोटेशन लावून सेकंदाला अमुक इतकेच, अशी मर्यादा घालता येते. त्याआधीच्या आवृत्तीवर थ्रेशोल्डवरच भागवावे लागते.

कोड न बदलता सेटिंग बदलणे

अ‍ॅनोटेशनमधले आकडे ही फक्त सुरुवात. सर्व्हरवर ते बदलायला जेएफसी फाइल, म्हणजे जेएफआरच्या सेटिंगची फाइल, वापरतात. जेडीकेच्या लिब फोल्डरमधल्या जेएफआर फोल्डरात डीफॉल्ट आणि प्रोफाइल अशा दोन तयार फाइली असतात. त्यांत हात घालू नका, जेडीके अपग्रेड झाला की बदल पुसले जातील. प्रोफाइलची पूर्ण प्रत काढायचीही गरज नाही. आपल्या दोन-तीन इव्हेंटपुरती छोटी फाइल करा: कॉन्फिगरेशनचा टॅग, व्हर्जन 2.0, आत इव्हेंटचा टॅग (त्याचे नाव ‘नेम’ अ‍ॅनोटेशनशी अक्षरन् अक्षर जुळणारे) आणि त्यात इनेबल्ड व थ्रेशोल्ड या दोन सेटिंग. मग सुरू करताना सेटिंग्ज हा पर्याय दोनदा द्या:

जेसीएमडी ‹प्रोसेस क्रमांक› जेएफआर.स्टार्ट नेम=सकाळ सेटिंग्ज=प्रोफाइल सेटिंग्ज=/ऑप्ट/दूध.जेएफसी मॅक्ससाइज=200एम

जेडीके 17 पासून फाइलशिवायही भागते. इव्हेंटचे नाव, मग हॅश, मग सेटिंग आणि किंमत, असे त्याच ओळीत लिहा. आपला इव्हेंट तयार जेएफसीत नसतो, म्हणून सुरुवातीला अधिकचे चिन्ह लागते: ‘+ संघ.दूधनोंद#थ्रेशोल्ड=50एमएस’, मधली मोकळी जागा न ठेवता. ते चिन्ह विसरले की आज्ञा नाकारली जाते. चूक तोंडावर सांगितली जाते हे बरेच.

एक गोष्ट अनेकांना चकवते. एकाच जेव्हीएमवर दोन रेकॉर्डिंग चालू असतील तर सेटिंग एकत्र होतात आणि कमी असलेला थ्रेशोल्ड दोघांना लागू पडतो. तुम्ही 50 मिलीसेकंद मागितले आणि फाइलमध्ये 2 मिलीसेकंदांच्या नोंदी सापडल्या, तर शेजारी कोणीतरी दुसरे रेकॉर्डिंग लावले आहे. ‘जेएफआर.चेक’ने पाहून घ्या.

इव्हेंट दिसत नाही तेव्हा

या क्रमाने जा, उगाच कोड उकरत बसू नका.

‘जेएफआर मेटाडेटा’ चालवा. इव्हेंटचा प्रकारच यादीत नसेल तर क्लास लोडच झालेला नाही, कारण नोंदणी क्लास लोड होताना आपोआप होते. त्या काळात एकही नोंद झाली नसेल, किंवा सर्व्हरवर जुनी जार फाइल असेल. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी निघते.

प्रकार आहे, पण समरीत संख्या शून्य? थ्रेशोल्ड, विसरलेले बिगिन, उलटा पडलेला एंड-शुडकमिट क्रम, जेएफसीत इनेबल्ड फॉल्स, या क्रमाने तपासा.

इव्हेंट आहे, एखादे फील्ड नाही? फील्डचा प्रकार पाहा. बहुतेक वेळा बिगडेसिमल.

फाइलच मिळाली नाही, कारण प्रोसेस किल -9 ने मारली? डंपऑनएक्झिट अशा वेळी उपयोगी पडत नाही, तो शिस्तीत बंद होणाऱ्या प्रोसेससाठी. पण तात्पुरत्या फोल्डरात जेएफआरचे रिपॉझिटरी फोल्डर मागे उरलेले असते. ‘जेएफआर असेंबल’ला ते फोल्डर आणि नव्या फाइलचे नाव द्या, आतले तुकडे जोडून वाचता येण्यासारखी फाइल मिळते. कंटेनरमध्ये चालवत असाल तर हे फोल्डर व्हॉल्यूमवर ठेवा, नाहीतर कंटेनरसोबत तेही जाईल.

वाचणे

‘जेएफआर प्रिंट’ला इव्हेंट्स हा पर्याय देऊन आपल्या प्रकाराचे नाव द्या, नोंदी एकाखाली एक येतात. स्टॅकच्या पाचच ओळी दिसतात, जास्त हव्या असतील तर स्टॅक-डेप्थ वाढवा. जेडीके 21 पासून ‘जेएफआर व्ह्यू’ला इव्हेंटचे नाव दिले तर तक्ता मिळतो, डोळ्यांना तो सोपा.

खरी मजा मिशन कंट्रोलमध्ये आहे. थ्रेड्सच्या पानावर थ्रेडच्या पट्ट्या दिसतात. कोणते इव्हेंट पट्टीवर रंगवायचे ते तिथेच बदलता येते, त्यात ‘दूध नोंद’ घाला. आता आठ सेकंदांची एक लांब पट्टी आणि त्याच थ्रेडवर, त्याच वेळेत तिच्या पोटात काय आहे ते दिसते: 7 सेकंदांचे सॉकेट वाचन असेल तर डेटाबेस किंवा नेटवर्क, लॉकवरची वाट असेल तर दरपत्रकाच्या कॅशभोवती कोणीतरी सिंक्रोनाइज्ड लावले आहे. पोटात काहीच नसेल तर त्या वेळेतले गार्बेज कलेक्शन पाहा, आणि तेही नसेल तर सीपीयूचे सॅम्पल. केंद्र क्रमांकावर गट पाडले की अडचण सगळीकडची आहे की एकाच केंद्राची, हेही कळते.

ठराविक वेळाने घ्यायचे माप

रांगेत किती नोंदी तुंबल्या आहेत हे एखाद्या कामाशी बांधलेले नसते. त्यासाठी इव्हेंट क्लासवर ‘पीरियड’ 5 सेकंद असे लावा आणि फ्लाइटरेकॉर्डर.अ‍ॅडपीरियॉडिकइव्हेंट या मेथडला क्लास व एक रनेबल द्या. रनेबलमध्ये नवा इव्हेंट, फील्ड, कमिट. दोन सावधगिरी. हे रनेबल जेएफआरच्या स्वतःच्या थ्रेडवर चालते, त्यात डेटाबेसला क्वेरी टाकून थांबलात तर इतरांची मापेही उशिरा येतील. आणि अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर पुन्हा पुन्हा डिप्लॉय करत असाल तर बंद होताना रिमूव्हपीरियॉडिकइव्हेंट बोलवा, अन्यथा जुना क्लासलोडर मेमरीत अडकून राहतो.

चालू असतानाच ऐकणे

जेडीके 14 पासून रेकॉर्डिंगस्ट्रीमने फाइल न काढता इव्हेंट हाती घेता येतात: इनेबलमध्ये नाव, विथथ्रेशोल्डमध्ये आकडा, ऑनइव्हेंटमध्ये आपले काम, शेवटी स्टार्टअसिंक. इव्हेंट साधारण सेकंदाच्या उशिराने येतात, त्यामुळे 2 सेकंदांवर गेलेल्या नोंदीचा इशारा मोबाइलवर पाठवायला हे पुरेसे आहे. आलेला ऑब्जेक्ट लिस्टमध्ये साठवू नका. स्ट्रीम तोच ऑब्जेक्ट पुढच्या इव्हेंटसाठी परत वापरू शकतो आणि मग लिस्टभर एकाच केंद्राचा क्रमांक दिसतो. हवी ती फील्ड लगेच काढून घ्या, किंवा सेटरियूज फॉल्स करा.